मरणाचं पान, वर्गणी बारा रुपये

शिंदखेड्याच्या बाजारात तोताराम बिऱ्हाडेच्या हातून कागद घेताना माणसं आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग कागदाकडे. तोंडावर काही दिसायचं नाही. वीस वर्षं बन्सीलालशेटच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून, उलटी अक्षरं वाचून वाचून त्याचं तोंडही खिळ्यासारखं झालं होतं. छापल्याशिवाय त्यात काय आहे ते कळायचं नाही.

कागद मरणाचा होता. एका बाजूनं छापलेलं फुलस्केप पान, वर काळी पट्टी, पट्टीत नाव ‘द्वारदर्शन’. खाली आठवड्यात कोण कोण मेलं, कोणत्या गावचं, कोणत्या घरचं, दहावं कधी, सुतक फिटायची गंधमुक्ती कधी. आमच्या खान्देशात लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतो. मरणाच्या दारात जाऊन नाही बसलं तर अख्खी पिढी रुसते. नातू आजोबाच्या दहाव्याचा सूड काढतात. आणि बातमी कळायची कशी? पोस्टाचं कार्ड बोरद्यासारख्या गावाला पंधराव्या दिवशी पोचायचं. तोवर कावळेही जेवून उडून गेलेले असायचे.

गंधमुक्तीची कार्डं सगळी तोतारामच्या हातून छापून जायची. त्याला नव्वद साली एक दिवस खिळे सोडवता सोडवता वाटलं, ही नावं मोडून खणात टाकण्याआधी एकदा एका पानावर मांडली तर? धुळ्याला, अमळनेरला, जामनेरला त्याच्यासारखेच खिळे जुळवणारे होते. जामनेरचा जीवराम तर त्याचा जुना दोस्त. त्यांनी छापलेल्या कार्डाची एकेक प्रत एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायची, दुसऱ्या दिवशी ती तोतारामकडे पोचायची. एका कापडवाल्यानं पांढऱ्या टोप्या आणि धोतरांची जाहिरात दिली, कागदाचा खर्च तिच्यातून निघाला. पान फुकट वाटलं. वर्षभर फुकट.

माणसांना इतकी गोडी लागली की बाजारात मेथी-मिरची मागून, आधी मरण.

“काय रे तोताराम, आज आमनं कोन गया?”

“तुमनं कोनी नही, आबा.”

“मंग काय कामनं तुन्हं पान!”

असं हसायचे आणि पान घडी करून टोपीत खोचायचे.

आता तोतारामच्या घराण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. त्याचा आजा उखर्डू बोरद्याचा. गावात पाटलांकडे कोणी मेलं की उखर्डूनं काठी घ्यायची आणि चालत सुटायचं. वीस कोस, पंचवीस कोस. सोयऱ्याच्या गावी पोचून दाराबाहेर लांब उभं राहून ओरडायचं, अमुक गेले होऽ. हे बलुत्यातलं काम, त्याला पैसा नाही. कोणी भाकर टाकली तर टाकली. रीत अशी होती की सांगावा पोटात असताना सोयऱ्याच्या समोर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आधी सांगायचं, मग प्यायचं. उखर्डू एकदा वैशाखात दोंडाईच्याकडे गेला, सोयरा शेतात होता, त्याची वाट बघत म्हातारा दुपारभर तहानेला उन्हात उभा राहिला आणि सांगून झाल्यावर तिथंच पडला. त्याच्या मरणाचा सांगावा घेऊन मात्र कोणी आलं नाही. घरच्यांना चार दिवसांनी कळलं.

छप्पन सालानंतर तोतारामच्या बापानं, चिंधानं, सांगितलं, आता आम्ही बौद्ध, सांगावा नेणार नाही. गावानं दोन हंगाम त्याच्या घराला काम दिलं नाही, विहिरीची वाट बंद केली. चिंधा नरडाण्याला मालधक्क्यावर हमाली करायला गेला तो परत आला नाही.

तर त्या घरातला हा तोताराम. एक्क्याण्णवच्या दिवाळीत बन्सीलालशेटनं ऑफसेटचं मशीन सांगून ठेवलं. जुना पायानं चालवायचा ट्रेडल धुळ्याचा भंगारवाला आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतर, नेणार होता. ट्रेडलबरोबर खिळे जाणार, खिळ्यांबरोबर तोताराम. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय शिकणार?

“शेट, मशीन मला द्या.”

“पैसे?”

“पानाची वर्गणी लावतो. बारा रुपये साल. तीनशे वर्गणीदार झाले की तुमचे पैसे.”

बन्सीलालशेट भला माणूस. हसला नाही. “आखाजीपर्यंत थांबतो. तीनशेला एक कमी झाला तरी भंगारवाला येईल, मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत.”

तोतारामनं पानावर चौकट छापली, ‘हे पान आपणांस उपयोगी वाटत असल्यास कृपया वर्गणी पाठवावी.’ वर्षभर पाचशे घरांत पान जात होतं. अकरा घरांतून पैसे आले. बोरद्याहून एक पोस्टकार्ड आलं, त्यावर सही नव्हती, पण अक्षर पितांबर पाटलाचं होतं. ‘तुन्हा आजा फुकट सांगे. तू कोठला लाट लागी ग्या?’

पितांबर पाटील म्हणजे बोरद्याचं मोठं घर. साठीचा गडी, जीभ कोयत्यासारखी. त्यानं नुसतं पोस्टकार्ड टाकलं नाही, पारावर बसून आजूबाजूच्या आठ गावांना ऐकवलं, “मरानी खबर काय इकत लेवानी चीज शे का रे? हाऊ काल आमनी ओसरीखाले उभा ऱ्हाये, आज बारा रुपया मांगस! एक बी पैसा कोनी देवाना नही.” बोरद्यातून एकानंही दिला नाही.

तोतारामनं ते कार्ड बन्सीलालशेटला दाखवलं.

“तू चुकलास कुठं सांगू?” शेट म्हणाला. “तू मागितलंस. गिऱ्हाइकाकडे मागायचं नसतं. आमच्या वडलांचं मिठाईचं दुकान होतं. पहिला लाडू हातावर द्यायचे. दुसरा नुसता दाखवायचे, आणि परातीवर फडकं टाकायचे.”

“पान बंद करू?”

“येडा आहेस. बंद केलंस तर पंधरा दिवसांत विसरतील. चालू ठेव. त्यावर फडकं टाक.”

“शेट, माझा लाडू मरणाचा आहे.”

“मग तर जास्त खपेल. गोड सोडता येतं, सुतक कोणाला सुटलंय?”

पुढच्या आठवड्यापासून पानं दोन झाली. नावांचं पान वर्गणीदारांना. बाजारात फुकट वाटायचं ते पान जवळजवळ कोरं, मधोमध चार ओळी.

शिंदखेडा तालुका: पाच.
धुळे तालुका: सात.
अमळनेर तालुका: तीन.
जामनेर तालुका: एक.

आणि तळाशी, ‘नावे वर्गणीदारांच्या अंकात.’

पहिल्या बाजारी माणसांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या बाजारी शिव्या देणाऱ्यांतले चाळीसजण गुपचूप परत आले. ज्याची बहीण धुळ्याकडे दिलेली त्याला त्या सातमध्ये बहीण दिसायची, ज्याचा मामा अमळनेरला त्याला तिघांत मामा. एका शिंप्यानं तर पैसे मोजले, नावं वाचली, आपलं कोणी नाही बघितलं आणि म्हणाला, “बारा रुपया पानीमां गया.” पण बाहेर पडताना पान नीट घडी करून खिशात ठेवलं.

एकशे चाळीस झाले. फाल्गुनात दोनशे बारा. तिथं गाडी चिखलात रुतली. राहिलेली सगळी पितांबर पाटलाच्या ऐकण्यातली गावं. बोरद्याचे लोक फुकटचं पान घेत, आकडे मोठ्यानं वाचत आणि आपसांत पैज लावत, या आठवड्याला शिंदखेड्याचा आकडा किती. मरणाचा मटकाच केला त्यांनी. तोताराम बघायचा आणि पुढच्याच्या हातात पान द्यायचा. आखाजीला दीड महिना राहिला होता.

चैत्रात, बाजाराच्या आदल्या दिवशी, कंडक्टरनं जीवरामचं पाकीट दिलं. जामनेरचं एकच कार्ड. मोतीलाल पाटील, वय बावन्न, छातीच्या दुखण्यानं. मरून चार दिवस झालेले. खाली शोकाकुल मंडळींत मुलांची नावं. जीवरामनं मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘यांची बहीण तुमच्या बोरद्याला दिली आहे ना? पितांबर पाटलाकडे? पोरं म्हणतात, तो माणूस आमच्या बहिणीच्या लग्नाला आला नाही, आम्ही माणूस पाठवणार नाही. नुसतं कार्ड टाकलं आहे.’

कार्ड पंधराव्या दिवशी येणार. दहावं सहा दिवसांवर.

तोतारामनं पेन्सिलीच्या ओळी दोनदा वाचल्या. मग खिळे काढले, नाव जुळवलं, वर्गणीदारांचं पान बांधलं. आणि फुकटच्या पानावर शेवटची ओळ लावली, जामनेर तालुका: एक.

दुसऱ्या दिवशी बाजारात पितांबर पाटील बायकोला घेऊन आला होता. झुंबरबाई. गोरी, लठ्ठ, दमेकरी बाई, बोलायला मोकळी. कोणीतरी पान वाचून दाखवलं तशी ती गर्दीतून तोतारामकडे आली. तो चहाच्या गाडीजवळ उभा होता, काखेत पानांचा गठ्ठा.

“तोताराम, हाई जामनेरनं एक कोन शे रे? मन्हा मोती तठेच ऱ्हास. दोन मयनापासून त्यानी छातीमां दुखस.”

“नावं वर्गणीदारसना पानमां शेतस, अक्का.”

“माले नाव नको सांगू. मन्हा मोती नही, इतलंच सांगी दे.”

मागून पितांबर पाटील आला, चार माणसं आली. तमाशा बघायला बाजाराला वेळ असतोच.

“ले, इचार त्याले!” पितांबर हसला. “आते तो बारा रुपया मांगी. अव, जामनेर तालुकामां गावं का थोडा शेतस? तुन्हाच भाऊ मरी का?”

“बारा रुपया दी टाका ना. मन्हा जीव खालवर व्हई ऱ्हायना.”

“याले? बाराना बारा पैसा बी देवाव नही. सांग रे तोताराम, दम शे ते सांग. तुन्हा आजा पंचवीस कोस चालीसन सांगे. तुले सांगाले चार पावलं बी चालनं नही.”

झुंबरबाई तोतारामच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात चहावाल्यानं पेला पुढे केला. तोतारामनं आधीच सांगून ठेवलेला चहा.

बोरद्यात लग्न होऊन आलेल्या बाईला सांगाव्याची रीत माहीत असतेच. तिनं त्या पेल्याकडे पाहिलं. ती पेल्याकडे बघतेय हे तोतारामनं पाहिलं. त्याच्या हातात दोन गोष्टी होत्या, पेला ठेवणं किंवा पिणं. पेला खाली ठेवला असता तरी पुरलं असतं. शब्दाचीही गरज नव्हती, बाईनं तिथंच हंबरडा फोडला असता आणि संध्याकाळची गाडी धरली असती. आणि बोरदं म्हणालं असतं, बघा, रक्त कुठं जातंय, पोरानं फुकट सांगितलं.

त्यानं पेला तोंडाला लावला. चहा गुळचट होता. घाई न करता शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

झुंबरबाईचा चेहरा उजळला. “चाला ना,” ती नवऱ्याला म्हणाली, “त्यानी च्या पिधा. पोटमां सांगावा ऱ्हाता ते पिता का तो? कितलं बी कर, मानूस शे.” आणि जाताजाता त्याला म्हणाली, “सुखी ऱ्हाय रे भाऊ.”

त्या दिवशी तिनं बाजारातून शेव घेतली, असं नंतर लोक सांगत.

घरी तोतारामनं बायकोला, बेबाबाईला, हे सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही.

“सांगी देवानं व्हतं.”

“सांगतू ते उद्या तेच बोरदे म्हनतं, तोतारामले वर्गणी कसाले देवानी, बाई रडनी का तो फुकट सांगस.”

“आनि तिन्हं काय?”

“तिन्हा दादला मोठा शे. तो देखी.”

बेबाबाईनं भाकर परतली. “मन्हा भाऊ मरना ते माले बी वर्गणी लागी का?” तोताराम जेवला आणि झोपला. झोप लागली की नाही ते त्याचं त्याला ठाऊक.

जामनेरकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. एक वाजला, दोन वाजले. पोरांनी सगळं बोलून पाहिलं, कर्ज फेडू, म्हातारीला सांभाळू. कावळे झाडावर बसून. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, बहीण नाही आली ना, तिच्यासाठी थांबलाय. मग सगळेच म्हणू लागले. तीन वाजता दर्भाचा कावळा करून पिंड शिववला. त्या पोरांच्या मनात बापाच्या मरणाहून ते दोन तास जास्त खोल गेले.

गंधमुक्ती झाल्यावर मोठा पोरगा बोरद्याला आला. डोकं तासलेलं. झुंबरबाई अंगणात गहू पाखडत होती. भाच्याचं डोकं बघून तिला सगळं कळलं, सूप हातातून पडलं. ती रडत पुढे गेली तसा तो दोन पावलं मागे सरला.

“हात नको लाऊ, फुई. मन्हा बाप दुपारपावत तुन्ही वाट देखत बसना. तू शेव खाई राहिंथी म्हने. आमले तू मरी गयी. तुन्हासाठे आम्ही डोकं भादरसूत नही, इतलंच.”

ओसरीवर पाणी प्यायलाही थांबला नाही. पितांबर पाटलानं मध्ये तोंड घातलं तर त्याला म्हणाला, “बारा रुपयानी तुमनी पाटीलकी, मामा.”

दोन दिवसांनी पोस्टमननं मोतीलालचं कार्ड आणून दिलं.

हे बोरद्यात फिरलं, आठ गावांत फिरलं. तोतारामला कोणी सांगावं लागलं नाही. गठ्ठ्यानं माणसं छापखान्याच्या दारात उभी राहिली. कोणी त्याला शिव्या देत होतं, कोणी हात जोडत होतं, पण पैसे सगळे आधी देत होते. चैत्र संपायच्या आत तीनशे एकसष्ट. बन्सीलालशेटनं ट्रेडलला तेल घालून किल्ली त्याच्या हातात दिली, आणि हात धोतराला पुसला.

बोरद्याची सत्तावीस नावं घेऊन पितांबर पाटील स्वतः आला. बरोबर झुंबरबाई. पितांबर दारातच म्हणाला, “तोतारामभाऊ, पावती आमना घरनी पहिली करा.” जन्मात पहिल्यांदा भाऊ म्हणाला. तोतारामनं पावतीपुस्तक काढलं.

झुंबरबाई उंबऱ्यावर बसली. दम्यानं छाती वाजत होती.

“तुले माहीत व्हतं?”

“व्हतं.”

“बाजारना दिन?”

“आदला दिनपासून.”

“आनि तू च्या पिधा.”

“पिधा.”

“मन्हा समोर.”

“तुमना समोरच पिधा, अक्का. तुम्हले दिसावा म्हनीसन.”

पितांबर पाटलाचा हात कोयता शोधत कमरेला गेला, पण कमरेला काही नव्हतं, आणि सत्तावीस घरांचे पैसे मशीनच्या फळीवर पडलेले होते. तो बायकोवरच खेकसला, “चूप बस व, गाडी जाई आपली.”

“मी बारा रुपया नंतर दिन्हा ऱ्हाता रे,” झुंबरबाई म्हणाली. “पायरी चढीसन दिन्हा ऱ्हाता. पाय धरीसन दिन्हा ऱ्हाता.”

“नंतर कोनी देस नही. खबर समजी गई म्हनजे ती फुकटनी व्हई जास.” तोतारामनं पावती फाडली. “कोनं नाव टाकू? तुमनं का आबानं?”

“मन्हं,” पितांबर म्हणाला.

त्यानं पितांबरचं नाव टाकलं.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात, गौराईची गाणी म्हणतात. झुंबरबाई त्या वर्षी बोरद्यातच राहिली. छापखान्याला सुट्टी नव्हती. मरणाला आखाजी नसते, आणि मशीन आता तोतारामचं होतं.

सणाच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात बायका यायला लागल्या. कोणी धुळ्याला दिलेली, कोणी साक्रीला, कोणी पार नंदुरबारकडे. झुंबरबाईची गोष्ट झोक्यावर बसून त्यांनी एकमेकींना सांगितली होती. पदराच्या गाठीतून, बटव्यातून, ब्लाऊजमधून नोटा काढत होत्या. नवऱ्याला कळू न देता. हे गिऱ्हाईक तोतारामनं धरलंच नव्हतं. वर्षभर त्यानं पागोट्यांकडे पाहून पानं वाटली आणि धंदा खरा पदराखाली होता.

“मन्हा नावे पान धाड हां भाऊ. घरधनीना नावे नको.”

“घरधनीनी फाडी टाकं ते?”

“शाळाना मास्तरना पत्त्यावर धाड. मी तठेथून आनसू.”

तीन दिवसांत चौऱ्याण्णव झाल्या. चौथ्या दिवशी तोतारामनं पानाच्या तळाशी नवी ओळ जुळवली, ‘पुढील अंकापासून वर्गणी पंधरा रुपये.’ कुरकुर कोणी केली नाही. पंधराही आले.

शेवटी आलेली पोर बोरद्याचीच होती, सोनगीरला दिलेली, कडेवर तान्हं. तिनं पैसे मोजून दिले, पावती चोळीत घातली आणि पायरी उतरता उतरता थांबली.

“भाऊ, आमनी झुंबरआत्या दारबाहेर निंघस नही म्हने. कोनासंगे बोलस नही. तुम्हले काही खबर?”

तोताराम ट्रेडलवर पाय ठेवून उभा होता. कागद सरळ केला.

“जित्ती शे,” तो म्हणाला. “जित्त्यास्नं पान निंघत नही.”

आणि त्यानं पाय दाबला.